अनुभव : निरंक

खाडगाव रोडला, ट्युशनच्या पाट्यांखाली,
इरफानभाईच्या ऑनलाइन सेंटरात मी तिसऱ्या खुर्चीवर.
डावीकडं नीटचा फॉर्म, उजवीकडं नीटचा फॉर्म,
समोरच्या भिंतीवर गेल्या वर्षी लागलेल्यांचे फोटो, गळ्यात हार.
मधे मी. बीबीए.
"चुकून दाबलं का?" इरफानभाईनं दोनदा विचारलं.

नाव शिवलीला मल्लिनाथ हलकुडे.
आडनाव आधी की नाव आधी, यात दहा मिनिटं गेली;
सनदेवर एक, आधारवर भलतंच.
वडिलांचा व्यवसाय : चालक. लातूर-पुणे, रात्रीची ट्रॅव्हल्स.
आईचा त्यानं विचारलाच नाही,
गृहिणी टाकून पुढं गेला.
मी म्हटलं, मागं या.
यादीत शेती होतं, नोकरी होतं, इतर होतं.
बासष्ट डबे आम्ही 'इतर'मध्ये कोंबले,
झाकण बसेना तरी.

मग आला तो मोठा चौकोन.
व्यवस्थापनच का? अडीचशे शब्दांत.
आणि त्याच्याखाली, बारीक अक्षरात :
कामाचा अनुभव, असल्यास.

आठवीपासून मेसची वही माझ्याकडं आहे.
कोण कंधारचं, कोण गंगाखेडचं,
कुणाला गुरुवारी भगर लागते,
कुणाचा बाप तीन तारखेला पैसे टाकतो
आणि कुणाचा नुसताच 'टाकतो' म्हणतो.
एक्केचाळीस डब्यांत भाडं, गॅस, टँकर निघतो.
बेचाळिसाव्यापासून उरेल ते आमचं.
याला पुस्तकात काहीतरी नाव असेल.
आम्ही बेचाळिसावाच म्हणतो.
जूनमध्ये आई रोज विचारते, "बेचाळिसावा आला का?"
पाव्हण्याची वाट बघितल्यागत.

मेमध्ये परीक्षा झाली की डबे एकदम तुटतात.
पेपर अवघड गेला त्या रात्री मुखेडचा एक पोरगा
न जेवता, अडीच महिन्यांची बाकी ठेवून
पहाटेच्या गाडीनं निघून गेला.
मी लिहिलं : बुडीत.
आईनं पेन मागून घेतलं, शब्द खोडला.
"लेकरू बुडालं नाही, मग पैसे कामून बुडतील?
येणे लिही."
ते अजून येणेच आहे.

हे अडीचशे शब्दांत कसं बसवायचं?
बसवलं. दोनशे त्रेचाळीस झाले.
सात शिल्लक ठेवले, सवयीनं.
अनुभवाच्या रकान्याला मात्र प्रमाणपत्र हवं होतं, पीडीएफमध्ये.
वहीचं पान लावून बघितलं,
हळदीच्या बोटांचं स्कॅन काळं आलं.
"निरंक टाक," इरफानभाई म्हणाला.
टाकलं.

शेवटी ओटीपी. नंबर आईचा.
फोन लावला तर मागं कुकर,
कुणीतरी शेंगदाण्याची चटणी मागायलंय.
"आकडा आलाय बघ, लवकर सांग, वेळ संपायलाय."
तिनं पदराला हात पुसलेले मला ऐकू आले.
मग हिशेब वाचावा तशी :
"अठ्ठेचाळीस. शून्य नऊ. सतरा.
कुणाची बाकी हाय ही?"
"माझी," मी म्हटलं.

फी गेली, पावती निघाली.
इरफानभाईनं छपाईचे पैसे घेतले नाहीत,
रात्रीच्या डब्यात भाकरी एक जादा टाका म्हणाला.
वहीत काय लिहावं? मी लिहिलं : छपाई, एक भाकरी.

घरी आले तर आई फोन लांब धरून उभी.
"बघ गं, कुणीतरी नवीन दिसतंय.
मिळालं, मिळालं म्हणायलंय,
नाव नाही, गाव नाही, नुसता लांबलचक नंबर.
डबा सुरू करायचा का?"

माझा अर्ज क्रमांक होता तो.
कर म्हटलं.
आगाऊ मागू नको. पहिला महिना उधार.